चांदीचा बाजार

नळदुर्ग, शुक्रवार, १७ जानेवारी १९४१

निजामी शाळेला शुक्रवारची सुट्टी, म्हणून हजेरीची बुकं आणायला जैनोद्दीनचाचांच्या दुकानी गेलो. चाचा जिल्दसाज, पुस्तकं बांधून देतात. साठीचे आहेत. बोलणं कमी आणि खळ मात्र अशी लावतात की पुस्तक फाटेल, पुठ्ठा सुटणार नाही. बुकं घेऊन निघणार, तेवढ्यात आतल्या दारातून त्यांची लेक कुलसुम म्हणाली, "अब्बा, मास्तरांना ते दावा की."

चाचांनी नाखुशीनं एक चिठोऱ्यांची गड्डी पुढं केली. कापून उरलेले बारीक कागद एका कडेला शिवलेले होते.

"अंगठ्याखालनं पानं भराभर सोडा," कुलसुम म्हणाली.

मी सोडली, आणि कागदावर एक बकरी हलायला लागली. तिच्या तोंडातून विड्याचं पान हळूहळू बाहेर आलं, ते तिनं समोरच्या टोपलीत ठेवलं आणि सोज्वळ चेहरा करून उभी राहिली. मी म्हणालो, "फार सुरेख आहे. पण बकरी पान परत का देते?"

कुलसुम हसत सुटली. "तुम्ही तुमच्या बाजूनं उघडलं मास्तर. आमचं पुस्तक उजवीकडनं सुरू व्हतं. पलीकडनं सोडा."

पलीकडून सोडलं तेव्हा बकरीनं पान खाल्लं, जसं बकरीनं खावं तसं. चाचासुद्धा मिशीत हसले. कुलसुमनं गड्डी परत घेतली आणि माझ्या उलट्या बाजूनं ती पुन्हा पुन्हा सोडत राहिली. माझी फजिती तिला फारच आवडलेली दिसली.

सोलापूरला एका इंग्रजी बोलपटाच्या आधी हलत्या चित्रांची छोटी पट्टी दाखवली होती, ते मी मागं कधीतरी दुकानात बसून सांगितलं होतं. त्या नुसत्या सांगण्यावरून हिनं हे केलं. न पाहता.

रविवार, १९ जानेवारी

दोन दिवस डोक्यात बकरीच आहे. पुण्याला बी.ए. करताना चित्रकलेवरची व्याख्यानं ऐकली, टिपणं काढली. त्यातलं काही मला बकरीच्या जबड्याची ती हालचाल सांगू शकलं नाही. खालचा जबडा आधी बाजूला सरकतो आणि मग वर येतो. मी आयुष्यभर बकऱ्या पाहतो आहे आणि हे पाहिलेलं नाही.

उमाला म्हटलं, आपल्याकडंही असा पट करता येईल. आपल्या बाजाराचा, आपल्या माणसांचा. ती भाकरी थापत म्हणाली, "करा की. पण त्या पोरीला विचारलंत का, का इथंच ठरवलंत?"

विचारलेलं नव्हतं.

शुक्रवार, ३१ जानेवारी

कुलसुम तयार आहे. तयार म्हणणं बरोबर नाही, तिनं बाजाराची चित्रं काढायला घेतलीसुद्धा आहेत. खंडोबाची जत्रा होऊन देव अणदूरला परत गेले तरी इथला बाजार अजून भरगच्च आहे, तेवढ्यात तिनं माणसं टिपून घेतली. मोहरम लागल्यामुळे चाचांकडं ताबुताच्या कागदाचं काम आहे. त्यातूनही ती वेळ काढते.

उमरग्याहून महांतप्पा आला होता. तिथं त्याचा फोटोचा स्टुडिओ आहे. तरुणपणी कोल्हापूरकडं एका सिनेमा कंपनीत होता. कंपनी बुडाली तेव्हा पगाराच्या बदल्यात हातानं फिरवायचा एक जुना कॅमेरा उचलून आणला, तो अजून ठणठणीत आहे. एका फिरकीला एकच चित्र घेतो. महांतप्पा म्हणाला, "मास्तर, माणसांस्नी बसवून फोटो काढायचा कंटाळा आलाय बघा. हालू नका म्हणायचं, मान वर करा म्हणायचं. तुमची बकरी बरी. म्हणंल तशी ऱ्हातीया."

तर आम्ही तिघं: कुलसुम चित्रं काढणार, महांतप्पा त्यांचे फोटो घेणार, आणि मी गोष्ट लिहिणार. एक छोटा नमुना करायचा आणि पैसा लावणाऱ्याला दाखवायचा.

निघताना चाचांनी मला दुकानाच्या पायरीवर थांबवलं. गुलबर्ग्याहून कुलसुमला विचारणं आलं आहे. कापडवाला आहे, बिजवर, घरात मोठं खटलं. कुलसुमचा नवरा वारून बरेच दिवस झाले. चाचा म्हणाले, "म्या किती दिवसाचा, मास्तर? तिथं तिला दोन घास सुखाचे भेटतील. ती म्हणती, तिथं गेल्यावर मला ब्रश कोण धरू देणार. खरंच हाय ते. पण ब्रशावर पोट भरतं का?"

कुलसुमनं आतून ऐकलं होतं. ती बाहेर येऊन म्हणाली, "भरलं तर?"

चाचांनी पायरीवरची खळीची वाटी बाजूला सारली. मग म्हणाले, "नमुना दाखवून कुणी कबूल झालं, तुझ्या हाताला काम दिलं, तर म्या गुलबर्ग्याला न्हाय म्हणून कळवतो. कुणी न्हाय झालं तर तू हट नक्को करू."

"न्हाय करत," ती म्हणाली.

माझ्या एका हौसेवर आता एका बाईचं सगळं पुढचं आयुष्य टांगलं आहे. हे मी सुरू करायला नको होतं का? पण सुरू मी केलेलं नाही, हेही खरं. माझ्या आधी तिनं केलं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आण्णासाहेबांकडं गेलो होतो. रुई-सरकीचा त्यांचा व्यापार थेट सोलापूरपर्यंत आहे, आणि गफारशेटच्या फिरत्या तंबू-सिनेमात त्यांचा हिस्सा आहे. आमच्यासारख्यांचं ऐकून घेईल असा पैसेवाला या भागात दुसरा नाही. निरोप पाठवताना मी लिहिलं होतं, 'चांदीचा बाजार या विषयी बोलायचे आहे.' चांदी हे कुलसुमच्या बकरीचं नाव. कपाळावर पांढरा ठिपका आहे म्हणून.

बसतो न बसतो तोच आण्णासाहेब म्हणाले, "लढाईमुळं भाव चढणार असं सोलापूरवाले म्हणत्यात. पण मास्तर, तुम्हाला हा नाद कधी लागला?"

बकरी आहे हे कळल्यावर ते इतके हसले की आतून त्यांच्या आई धुरपदाबाई काय झालं म्हणून बघायला आल्या. त्या हसण्यानंच काम झालं. मार्चअखेर गफारशेटचा तंबू इथं किल्ल्याखाली लागेल, तेव्हा खेळाच्या आधी नमुना पाहू म्हणाले. "आवडला तर वर्षभराची सोय करतो. न आवडला तर पुन्हा माझ्याकडं बकरी आणायची न्हाय."

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

गोष्ट लिहून झाली. चांदी नावाची हावरी बकरी बाजारात शिरते. पान खाते, पाटलाचा फेटा खाते, बांगडीवालीच्या बांगड्या खाते, वाजंत्र्याची सनई खाते. ज्याचं त्याचं जातं आणि जो तो रडत बसतो. चांदी फुगत जाते आणि शेवटी फुटते. लोभाचं फळ. मला वाटतं रचना चांगली साधली आहे.

कुलसुमनं ऐकून घेतली आणि म्हणाली, "फुटती?"

"फुटते."

"लेकरं रडतील, मास्तर."

मी तिला समजावलं की करमणुकीतून काही बोध निघाला नाही तर ती नुसती करमणूक राहते. ती म्हणाली, "नुसती ऱ्हाऊ द्या की. लोक दिवसभर बोधच ऐकतेत." मग विचारलं, "चांदीनं समद्यांचं समदं परत दिलं तर?" मी म्हणालो, कारण काय? हावरा प्राणी विनाकारण परत का देईल? कार्यकारणभाव हवा. तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि मग बराच वेळ हातातल्या कागदाकडं.

मी जरा कठोर बोललो का? पण शेवटाच्या बाबतीत मी बरोबर आहे असं वाटतं.

शनिवार, २२ फेब्रुवारी

कुलसुम कबूल झाली. अगदी आनंदानं. "फोडते चांदीला, तुम्ही म्हणता तशी," म्हणाली. विचार करायला वेळ दिला की माणसाला पटतं.

आज तिचं काम पाहत बसलो. खिडकीच्या काचेवर कागद धरते, खालचं चित्र वरच्या कागदातून दिसतं, मग वरच्यावर किंचित पुढचं काढते. पानं एकावर एक नेमकी बसावीत, चित्र थरथरू नये, यासाठी तिनं साधी युक्ती केली आहे. कागद आधी शिवून घेते आणि मग त्यावर काढते. शिवलेलं पान दर वेळी आपल्याच जागी येऊन पडतं. बापाची विद्या तिनं अशी कामाला लावली. पुस्तक बांधण्याच्या कलेतून बकरी चालवण्याची कला निघेल हे कुणाला सुचलं असतं?

बांगडीवाली तर अशी उतरली आहे की मला तिचा आवाज ऐकू येतो. पाटलाचा फेटा जाताना त्याचं टक्कल एकदम उघडं पडत नाही. तो आधी हात वर नेतो, हाताला फेटा लागत नाही, आणि तेव्हा त्याचा चेहरा बदलतो. ही जी मधली चार-सहा चित्रं आहेत, त्यांत त्या माणसाचा सगळा रुबाब गळून पडतो. मी शब्दांत एवढं कधी करू शकलो नाही.

दोन गोष्टी मात्र खटकल्या. चांदी बाजारात शिरते ती पाठमोरी, शेपटी पुढं करून, उलटी पावलं टाकत. मी दाखवून दिलं. कुलसुम म्हणाली, "बकरीला वढलं की ती अशीच येती." तिला ओढणारं चित्रात कुणी नाही, पण एवढी मेहनत करून काढलेली पानं पुन्हा काढ असं सांगायला जीभ रेटली नाही. दुसरं, भजीवाल्याच्या चुलीतून धूर काढ म्हटलं, त्यानं बाजार जिवंत वाटेल. तिनं मान हलवली. "धूर नको. धूर चुगली करतो."

काळा रंग पसरतो असं तिला म्हणायचं असावं.

रविवार, ९ मार्च

पुस्तक पुरं झालं. आज महांतप्पा आला होता, आपल्याबरोबर उमरग्याला घेऊन गेला. स्वतः जायची माझी फार इच्छा होती, पण या आठवड्यात शाळेची तपासणी आहे आणि साहेब उर्दूत प्रश्न विचारतात. मुलांची तयारी करून घ्यायला हवी.

चाचांनी लाल कापडाची जिल्द चढवली आहे, दोन्ही पुठ्ठे कोरे. मी म्हटलं, वर नाव घालू. कुलसुम म्हणाली, राहू दे. पानांवर तिनं कोपऱ्यात बारीक उर्दू आकडे घातलेत. महांतप्पाचं शिक्षण सोलापूरला कानडी-मराठीत झालं, तो हसून म्हणाला, "हे आकडं मला मुंग्यावानी दिसत्यात."

"मग आकडे बघू नका," कुलसुम म्हणाली. "तुमची पुस्तकं कोणत्या बाजूनं उघडतेत, दादा?"

"आमची? ही अशी."

"मग उघडा तशीच, आन् घ्या एकेक पान."

दुसऱ्याच्या चालीरीतींबद्दल तिला अशी आस्था आहे. मी हे बोलणं ऐकत होतो, पण त्याच वेळी चाचा मला गुलबर्ग्याचं दुसरं पत्र आल्याचं सांगत होते, त्यामुळं माझं मन तिकडं होतं.

सोमवार, २४ मार्च

फिल्म धुऊन तयार आहे. ती दाखवायचं यंत्र आमच्याकडं नाही, तेव्हा आम्हीही आण्णासाहेबांबरोबरच पहिल्यांदा पाहणार. महांतप्पा म्हणतो पट्टी उजेडाला धरून पाहिली, स्वच्छ आली आहे. मला भूक लागत नाही. उमा म्हणते, लग्नात मुलीच्या बापाची गत होते तशी तुमची झाली आहे.

माझं भाषण मी तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं.

शुक्रवार, २८ मार्च

जसं घडलं तसं लिहितो.

दिवेलागणीला तंबूत गेलो. खेळाला अवकाश होता, विजेचं इंजिन सुरू होऊन धडधडत होतं. पुढं आण्णासाहेब, गफारशेट, चाचा आणि मी. मागं बायकांच्या पडद्याआड धुरपदाबाई, कुलसुम आणि उमा. महांतप्पा यंत्रापाशी. मी उभा राहून पट म्हणजे काय, बोध म्हणजे काय, हे सांगायला लागलो. आण्णासाहेब म्हणाले, "मास्तर, आधी बकरी."

पडद्यावर उजेड पडला आणि पहिलंच चित्र चुकीचं आलं. बाजाराच्या मधोमध चिंध्या विखुरलेल्या होत्या. म्हणजे हा शेवट. शेवट आधी लागला होता. मी महांतप्पाकडं वळलो, पण त्याला हाक मारीपर्यंत चिंध्या हलल्या. उडाल्या, एकमेकींना चिकटल्या, त्यांचा गोळा झाला, गोळ्याला पाय फुटले, आणि हत्तीएवढी फुगलेली चांदी आमच्यापुढं उभी राहिली. भोवती सगळा बाजार रडत होता.

तिनं तोंड उघडलं. सनई निघाली, वाजंत्र्याच्या हातात गेली, त्याचे डोळे पुसले गेले. बांगड्या एकेक करून बांगडीवालीच्या हातात चढल्या. मग फेटा आला, लांबच लांब, निघतोय निघतोय, संपतच नाही. पाटलाचा रडवेला चेहरा, वर गेलेला हात, हाताला लागलेला फेटा, आणि मग तो रुबाब. चाचा मोठ्यानं हसले. मी त्यांना इतकं मोठ्यानं हसताना ऐकलेलं नाही. आण्णासाहेबांनी मांडीवर हात मारला. पडद्यामागून धुरपदाबाईंचा आवाज आला, "दे गं माय, समद्यांचं दे."

चांदी रोडावत गेली. शेवटचं पान टोपलीत ठेवून ती वळली, आणि सरळ, पुढं तोंड करून, शेपटी हलवत बाजारातून चालती झाली. ऐटीत. तिच्या मागं सगळा बाजार हसत उभा.

मग आण्णासाहेब म्हणाले, "पुन्हा लावा."

पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं तोवर बाहेर तिकिटाला आलेली माणसं कनात उचलून आत डोकावत होती आणि गफारशेट त्यांना हाकलायचं विसरून गेले होते.

आण्णासाहेब कबूल झाले. फिल्मचा माल, वर्षाचा खर्च आणि कुलसुमला, महांतप्पाला दरमहा काम. मला म्हणाले, "मास्तर, मला वाटलं हुतं तुम्ही काहीतरी उपदेशाचं आणाल. तुम्ही तर चकितच केलं."

चूक झाली हे सांगायचं सोडून मी नुसती मान डोलावली.

शनिवार, २९ मार्च

काय झालं ते उघड आहे. पुस्तक उर्दू पद्धतीनं उजवीकडून बांधलेलं, महांतप्पानं ते मराठी पद्धतीनं डावीकडून उघडलं, आकडे त्याला वाचता आले नाहीत, आणि सगळी गोष्ट शेवटाकडून सुरुवातीकडं निघाली. पहिल्याच दिवशी मी स्वतः दुकानात हीच चूक केली होती. महांतप्पाला सावध करायला मीच हवा होतो आणि मी तपासणीच्या मागं होतो.

योगायोग तरी किती यावेत. बकरी पाठमोरी काढली गेली होती म्हणून ती उलट चालवल्यावर सरळ चालली. धूर काढला असता तर तो वरून खाली येऊन चुलीत शिरला असता आणि चूक लगेच उघडी पडली असती. नेमका कुलसुमनं तो काढला नव्हता. नशीब म्हणतात ते असं.

पण आण्णासाहेब पैसे लावताहेत ते एका चुकीवर. ती आमची कला आहे असं त्यांना वाटतं. हे कळत असताना गप्प राहणं म्हणजे फसवणूक नाही का? आणि बोललो, आणि त्यांनी हात काढून घेतला, तर कुलसुम गुलबर्ग्याला जाईल. माझं मन स्वच्छ ठेवण्याची किंमत तिनं द्यायची, हे कुठल्या न्यायात बसतं? पण मग खोटं बोलायला एखादी गरजू व्यक्ती पुढं केली की झालं, असाही अर्थ होतो.

उमाला हे सगळं सांगितलं. ती निवडत असलेल्या तांदळाकडंच बघत म्हणाली, "तुम्हाला खरंच असं वाटतं?"

"कसं?"

"काही नाही. जाऊन सांगा आण्णासाहेबांना. तुम्हाला झोप लागायची नाही त्याशिवाय."

कुलसुमला न विचारता जाणं बरोबर नाही म्हणून संध्याकाळी दुकानी गेलो. तिला सांगितलं की मला खरं बोलावंसं वाटतं, पण तिची परवानगी नसेल तर मी तोंड उघडणार नाही. तिनं ओढणी सारखी केली आणि गंभीरपणे म्हणाली, "सांगा की. तुमची चूक हाय, तुम्ही सांगायलाच पायजे."

तिच्या या धैर्याला मी मनातल्या मनात हात जोडले. सगळं पणाला लागलं असताना एवढ्या शांतपणे हो म्हणणारं माणूस मी पाहिलेलं नाही.

बुधवार, २ एप्रिल

सांगितलं. पुस्तक, उजवी बाजू, डावी बाजू, उर्दू आकडे, माझी मूळची गोष्ट, चांदीचं फुटणं, सगळं. आण्णासाहेब गादीवर बसून ऐकत होते. हातात रुईचा नमुना होता, तो चिमटीत ओढून धागा किती लांब येतो ते पाहत होते. धुरपदाबाई दारात बसल्या होत्या.

"झालं?" आण्णासाहेब म्हणाले. "मास्तर, म्या नमुना बघून माल घेतो. कापूस कुण्या रानात पिकला, पेरताना पाभर तिरकी चालली का सरळ, ते मला कशाला? धागा लांब आला, मला पुरं."

"पण आमचा हेतू तो नव्हता."

"तुमचा नसंल," दारातून धुरपदाबाई म्हणाल्या.

मी म्हटलं, "आमचा कुणाचाच नव्हता, आई."

त्यांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. तंबूत पडद्यामागं कुलसुम त्यांच्या शेजारीच बसली होती. त्या म्हणाल्या, "अंधार झाला तवा तुमची बायकू माझा हातच धरून बसली हुती. तुमची ती चित्रवाली पोरगी न्हाय. ती बकरीकडं बघतच नव्हती, फटीतनं तुमच्या समद्यांकडं बघत हुती, कवा हसता म्हणून." मग म्हणाल्या, "तिला माझा निरोप द्या. म्हणावं, म्हातारीला कळलं."

"काय कळलं?"

"तेवढंच सांगा."

मग आण्णासाहेबांनी आपली अट घातली. मोठा पट करायचा, पण बकरी पुन्हा फुटता कामा नये. सुलटीही नाही आणि उलटीही नाही. मी मान्य केलं. माझ्या गोष्टीचा शेवट तिथं त्या गादीवर संपला, आणि मला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. जिना उतरताना तर मी फेट्याच्या प्रसंगावर एकटाच हसत होतो.

काम कुठं करायचं हा प्रश्न धुरपदाबाईंनी सोडवला. त्यांच्या माडीवर उत्तरेच्या खिडक्यांची खोली रिकामी आहे. बायकांच्याच बाजूला आहे, म्हणजे चाचांनाही अडचण नको.

शुक्रवार, ४ एप्रिल

कुलसुमला निरोप दिला. "म्हातारीला कळलं," असं म्हणताच ती भिंतीकडं तोंड करून हसायला लागली. खांदे हलत होते. मी विचारलं, काय कळलं त्यांना? ती डोळे पुसत म्हणाली, "अल्ला जाने मास्तर. मोठी मानसं."

मग माझ्याकडं वळून म्हणाली, "तुम्ही गोष्ट लिव्हली नसती तर माझ्याकडं उलटं करायला काईच नव्हतं."

मी म्हटलं, उलटं व्हायला. तिनं मान डोलावली. "व्हय. उलटं व्हायला."

घरी आल्यावर हा संवाद उमाला जसाच्या तसा सांगितला. ती म्हणाली, "तुम्ही बी.ए. नक्की झालात ना हो?" आणि स्वयंपाकघरात निघून गेली. दोघीही सध्या फार आनंदात असतात.

पुढच्या पटाच्या गोष्टीसाठी मी एक ठरवलं आहे. आधी चित्रं बघायची, मग लिहायचं. त्या पोरीच्या हाताला माझ्या डोक्यापेक्षा जास्त दिसतं. एवढं कळायला मला चाळिशी उलटावी लागली, पण कळलं हेही कमी नाही.

चाचांनी अजून गुलबर्ग्याला काही कळवलेलं नाही. म्हणतात, कळवतो. त्यांचा चेहरा मात्र पडलेला असतो. शब्द दिला तेव्हा त्यांना वाटलं नव्हतं की पाळावा लागेल. काल म्हणाले, "मास्तर, लोकांस्नी काय सांगू? लेक काय करती म्हणून?" मला नेमका शब्द देता आला नाही. चित्रकार म्हटलं तर ते म्हणाले, ते दुकानाच्या पाट्या रंगवतेत ते.

रविवार, २० एप्रिल

गुलबर्ग्याची माणसं न कळवता आली. नियोजित वराचा थोरला भाऊ आणि एक वयस्कर मामू. मी दुकानी बसलो होतो, उठायला लागलो तर चाचांनी माझं मनगट धरून बसवलं.

चहा झाला. इकडचं तिकडचं, मोटारीतली गर्दी, ऊन. मग मामू म्हणाले, बेटी कुठाय, निदान सलाम तरी होऊ द्या. चाचांनी बशी खाली ठेवली. आता ते म्हणणार की आत आहे, बोलावतो. किंवा तब्येत बरी नाही. मी जमिनीकडं पाहत राहिलो.

"ती कामावर गेलीय," चाचा म्हणाले. "दिवेलागणीला येईल."

पाहुण्यांनी एकमेकांकडं पाहिलं. थोरल्यानं विचारलं, "कामावर? कसल्या?"

चाचा माझ्याकडं वळले. मी तोंड उघडलं, पण माझ्यापाशी शब्द नव्हताच. तेव्हा ते स्वतःच म्हणाले, "आण्णासाहेबांच्या माडीवर. बकऱ्या चालवायला."

"बकऱ्या चारायला?" मामूंनी कानामागं हात धरला. "माडीवर?"

"चारायला न्हाय," जैनोद्दीनचाचा म्हणाले. ते आता ताठ बसले होते आणि प्रत्येक अक्षर सुटं सुटं बोलत होते, वाटसरू नवा असला की रस्ता सांगतात तसे. "चारायला कुणी बी चारतं. माझी लेक चालवती."

पाहुण्यांनी परतीच्या मोटारीची वेळ विचारली.